रज्जाकभाईंची बुडीत कमाई

तळेगाव दाभाड्याच्या जुन्या बाजारपेठेत रज्जाक तांबोळी यांचं कुकर, शेगडी आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून उभं केलेलं मोठंसं कपाटच. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याला पायरीवर बसावं लागतं, आणि पायरी कधी रिकामी नसते. कारण रज्जाकभाई जेवढी दुरुस्ती करतात त्याच्या चौपट बोलतात. कुकरची शिट्टी बिघडली म्हणून आलेल्या माणसाची मुलगी कुठं दिलीय, जावई कुठल्या कंपनीत आहे, सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं पुढं काय झालं, एवढं सगळं विचारून झाल्याशिवाय त्यांचा हात पान्याकडे जात नाही. आणि दुरुस्ती झाली की म्हणतात, "राहू द्या हो, एवढ्याशा कामाचे काय पैसे घ्यायचे!"

अशा माणसाकडे लोक भांडणंही घेऊन येतात. एकदा दोन भाऊ आईच्या मिक्सरवरून हातघाईवर आले होते. रज्जाकभाईंनी दोघांना पायरीवर बसवून चहा पाजला आणि दुपार कलेपर्यंत त्यांच्या आईच्या हातच्या चटणीबद्दल बोलत राहिले. शेवटी दोघंही डोळे पुसत एकाच स्कूटरवरून घरी गेले. मिक्सर मात्र दुकानातच विसरले. तो वरच्या फळीवर जाऊन बसला.

ही गोष्ट कोमल वकीलबाईंच्या कानावर गेली. तालुक्याच्या कोर्टात महिन्यातून एका शनिवारी लोकअदालत बसते. वर्षानुवर्षं रखडलेले बारीकसारीक तंटे समजुतीनं मिटवायचे, हे या अदालतीचं काम. मंडळात तिघं असतात : एक निवृत्त न्यायाधीश, एक वकील आणि एक समाजातला माणूस. समाजातल्या माणसाची जागा रिकामी होती. कोमलबाईंनी रज्जाकभाईंचं नाव सुचवलं, चौकशी झाली, आणि एक दिवस नेमणुकीचं पत्र आलं.

रज्जाकभाईंनी ते पत्र पायरीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग घरी नेऊन बायकोला दाखवलं. त्यांची बायको खुर्शीदा परंदवडीची. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण तिच्या बोलण्यातलं परंदवडी काही तळेगावात विरघळलं नाही. ती कंपनीत कामाला असलेल्या, खोली करून राहणाऱ्या पोरांना डबे करून देते. पत्र दाखवलं तेव्हाही तिचे हात पिठातच होते.

"पगार किती?" तिनं विचारलं.

"पगार नसतो त्याला. थोडं मानधन असतं, जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. हे मानाचं काम आहे."

"आन त्या दिशी दुकान?"

"तू बसशील का? नुसतं बसायचं. कुणी आलं तर सांगायचं, सोमवारी या."

खुर्शीदानं भाकरी तव्यावर टाकली. "मान आनताल तो ठिवायचा कुटं? दुकानात फळीवर जागा न्हाई."

पण नाही म्हणाली नाही. शनिवारी सकाळी तिनंच त्यांच्या काळ्या जाकिटाला इस्त्री करून दिली.

पहिल्या दिवशी रज्जाकभाईंची छाती जाकिटात मावत नव्हती. टेबलामागं तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीवर निवृत्त न्यायाधीश बाईसाहेब. केस पांढरे, आवाज हळू, आणि बघणं असं की समोरच्यानं आपोआप पाय जवळ घ्यावेत. उजवीकडे कोमलबाई. डावीकडच्या खुर्चीपुढं चक्क पाटी होती, 'श्री. रज्जाक तांबोळी, सदस्य'.

सकाळ बँकेच्या थकलेल्या हप्त्यांत गेली. दुपारी भुशीचे हौशीराम आणि गेणू आले. दोघं सख्खे चुलतभाऊ. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोघांच्या भजी-कणसाच्या टपऱ्या एकमेकींना चिकटून होत्या, आणि दोघांत तीन पावसाळे बोलणं नव्हतं.

"बाईसाहेब," हौशीराम म्हणाला, "ह्याच्या ताडपत्रीचं पानी डायरेक माझ्या शेगडीवर पडतंय. फुडं गिऱ्हाईक भजी मागतंय आन माझी शेगडी विझल्याली."

"वारं फिरतं त्याला मी काय करू?" गेणू म्हणाला. "वाऱ्याला नोटीस काढा."

शेगडी हा शब्द ऐकताच रज्जाकभाई पुढं सरकले. "शेगडी कुठली आहे?"

"दोन बर्नरची."

"बर्नर पितळी का साधे? नाही, महत्त्वाचं आहे ते. पाणी पितळी बर्नरवर पडलं तर गोष्ट वेगळी. नॉब कधी बदललेत? घेतली कुठून? त्या दुकानदाराचे वडील होते ना, त्यांची एक गंमत सांगतो…"

गंमत संपली, मग दुसरी सुरू झाली. पुढं त्यांनी दोघांच्या आजीचं माहेर विचारलं. ते कुरवंडे निघालं, तर कुरवंड्यातल्या एका लग्नात त्यांनी पन्नास शेगड्या कशा पेटवून दिल्या होत्या ते निघालं. कोमलबाईंनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. हौशीराम एकदा डाव्या पायावर उभा राहिला, एकदा उजव्या. गेणूची नजर खिडकीबाहेर लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीला लागली होती.

शेवटी तीन पावसाळ्यांत पहिल्यांदाच गेणू भावाच्या कानाला लागला. "हौश्या, ह्ये गृहस्थ आपल्याला अंधार पडंस्तवर सोडत न्हाईत. ताडपत्री हातभर मागं घिऊ का?"

"घे. मी पन्हळ लावतो."

"बाईसाहेब, मिटलं आमचं!" दोघं एकदमच ओरडले.

बाईसाहेबांनी तडजोड लिहून घेतली, सह्या झाल्या. दोघं भाऊ पळाल्यासारखे बाहेर पडले, ते एकत्रच. बाईसाहेब चष्मा पुसत म्हणाल्या, "रज्जाकभाई, तुमची पद्धत वेगळी आहे." रज्जाकभाईंनी ते शब्द घरी जाईपर्यंत मनात चघळले.

निघायच्या आधी मात्र गौरवनं त्यांना थांबवलं. गौरव तिथला कारकून. मानधनाच्या आणि प्रवासखर्चाच्या कागदावर सही घेता घेता तो म्हणाला, "काका, आणखी एक भत्ता आहे. उत्पन्नहानी भत्ता. सहसा कुणी मागत नाही, कारण कुणाला माहीतच नाही."

"म्हणजे काय?"

"तुमचा धंदा आहे ना? इथं बसलात म्हणून तिकडची कमाई बुडाली. ती सरकार भरून देतं. रोजची सरासरी कमाई लिहायची, इथं बसलात त्या दिवशीची कमाई लिहायची, दोन्हींमधला फरक मिळतो. खाली सही करायची, की वरील मजकूर खरा आहे."

रज्जाकभाईंना ही कल्पना फार आवडली. पैशासाठी नव्हे. आपण जागेवर नसल्यानं जे नुकसान होतं, त्याची सरकारदरबारी नोंद होते, ही गोष्टच त्यांना भारदस्त वाटली. त्यांनी पहिला आकडा सांगितला आणि दुसरा सांगितला, "शून्य."

"दुकान बंद होतं?"

"नाही, घरचे बसले होते."

"मग शून्य कसं?"

"अरे, त्यांना काय येतं त्यातलं?"

गौरवनं कळफलकावरून हात काढला. "काका, घरी विचारून या. अर्ज उघडून ठेवलाय. आता तो पुरा केल्याशिवाय हा संगणक मला सोडणार नाही."

त्या संध्याकाळी रज्जाकभाईंनी भुशीच्या भावांची गोष्ट खुर्शीदाला सविस्तर सांगितली, बाईसाहेबांचं वाक्य दोनदा सांगितलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "दुकानात काही आलं का आज?"

खुर्शीदानं आकडा सांगितला. रज्जाकभाईंच्या रोजच्या कमाईच्या दुपटीपेक्षा तो जास्त होता.

"कसं शक्य आहे?"

"कसं म्हंजे? शिट्ट्या बदलल्या, रिंगा बदलल्या, दोन शेगड्या साफ केल्या. त्या सोसायटीतल्या काकू आलत्या, त्यांच्या कुकरचं हँडल बसवून दिलं."

"त्यांच्याकडून पैसे घेतलेस?"

"घेनार न्हाई तर!"

"अगं, एकट्या असतात त्या. मुलगा परदेशात आहे."

"मुलगा परदेशात हाय म्हंजे पैसा हाय. हसत दिलं त्यांनी. म्हनल्या, बरं झालं, रज्जाकभाई घेत न्हाईत म्हनून यायची लाज वाटायची. आन वर तो मिक्सर व्हता ना, दोन भावांचा? फोन लावला त्यास्नी. म्हनलं, न्हेता का मी वाटन वाटाया घिऊ? तासाभरात आले दोघं, पैसं दिऊन न्हेला."

"पण तुला रिंग बसवायला, बर्नर खोलायला आलं कसं?"

"इतकी वर्सं जेवताना दुसरं काय बोलताय तुमी?"

रज्जाकभाईंनी स्वतःची समजूत घातली, की जुनी येणी वसूल झाली म्हणून आकडा फुगला. एका दिवसावरून काय ठरतं? गौरवला फोन करून ते म्हणाले, पहिल्या आणि दुसऱ्या महिन्याचं एकदमच लिहू.

पुढच्या अदालतीच्या सकाळी त्यांनी एक गोष्ट केली. दुकानाच्या दोन्ही किल्ल्या, रोजची आणि खिळ्याला टांगलेली, दोन्ही खिशात घातल्या. खुर्शीदाला सांगितलं नाही. खोटं लिहायचं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. नुकसान खरोखरच होऊ द्यायचं, एवढंच. टेबलामागं बसून त्यांनी त्या दिवशी एका विहिरीचा, एका घरभाड्याचा आणि एका बोकडाचा तंटा ऐकला. मधूनमधून खिशातल्या किल्ल्या चाचपून बघत. आत्ता दुकान बंद असेल, गिऱ्हाईक कुलूप बघून परत जात असेल, या विचारानं त्यांना बरं वाटत होतं. स्वतःच्या धंद्याला खोट बसतेय म्हणून खूश झालेला माणूस त्या दिवशी अख्ख्या मावळात तो एकटाच असावा.

संध्याकाळी शेअर रिक्षातून उतरून ते बाजारपेठेत वळले, तर दुकानापुढं गर्दी. कुलूप जागच्या जागी होतं. त्याच्यापुढं रस्त्यावर प्लॅस्टिकच्या स्टुलावर खुर्शीदा बसली होती. समोरच्या सायकलवाल्या फिरोजकडून पक्कड, पाने आणि सतरंजी आणली होती. सतरंजीवर कुकर मांडले होते, आणि रिंगांचा एक जुडगा तिनं बांगड्यांसारखा हातातच घातला होता. दुकानाच्या आत बसलेला माणूस रस्त्यावरून नीट दिसत नाही; रस्त्यावर बसलेली बाई मात्र पार चौकातून दिसत होती.

"किल्ली कुटं गेली, कुनास ठाऊक," ती त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "रिंगा फिरोजच्या हातून ठोक दुकानातनं मागिवल्या."

त्या दिवशीचा आकडा मागच्याहून मोठा होता.

सोमवारी रज्जाकभाईंनी गौरवच्या टेबलापाशी जाऊन सगळा प्रकार सांगितला. गौरव दबक्या आवाजात म्हणाला, "काका, लिहा काहीतरी कमी. कोण बघायला येतंय?" पण परवाच बोकडवाल्याला त्यांनी समजावलं होतं, की बाबा, सही ही जीभ असते, ती खोट्याखाली ठेवू नये. आता स्वतःची जीभ कशी ठेवणार? त्यांनी दोन्ही महिन्यांचे खरे आकडे सांगितले. गौरवनं ते भरले. संगणकानं वजाबाकी केली आणि उत्तरामागं एक आडवी रेघ काढून दाखवली.

"ही रेघ कसली?"

"उणे आलं काका. जाऊ द्या. भत्ता मिळणार नाही, एवढंच."

एवढंच नव्हतं. महिना उलटायच्या आत वरच्या कार्यालयातून पत्र आलं. पोस्टमन आला तेव्हा रज्जाकभाई पायरीवरच्या मंडळींना बोकडाचा निवाडा सांगत होते. खुर्शीदा त्यांचं जेवण घेऊन आली होती. पत्र तिच्याच हातात पडलं, आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"'आपल्या अर्जाच्या छाननीअंती आपली उत्पन्नहानी उणे असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर रक्कम आपणाकडून वसुलीपात्र असून ती आपल्या मानधनातून वळती करण्यात येत आहे. उर्वरित रक्कम त्वरित भरणा करावी.' उणे हानी म्हंजे काय वो?"

रज्जाकभाईंनी खाली बघून एका बर्नरची भोकं तारेनं साफ करायला सुरुवात केली. "म्हणजे मी नसलो की जास्त कमाई होते."

"मंग ते तर मला बी म्हाईत हाय. सरकारला कशाला कळवलं?"

पायरीवरची दोन माणसं हसली. तिसऱ्यानं हसू दाबायचा प्रयत्न केला, त्यामुळं ते जास्तच ऐकू आलं. एरवी रज्जाकभाई त्यांच्याहून मोठ्यानं हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही. इतकी वर्षं या कपाटाएवढ्या दुकानात बसून आपण घर चालवतो, असं त्यांना वाटत होतं. आता सरकारनं शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, की या दुकानाला एकच तोटा आहे आणि तो स्वतः गल्ल्यावर बसतो. पायरी रिकामी झाल्यावर ते म्हणाले, "मी सोडतो ते काम. बाईसाहेबांना कळवतो."

"सोडायचं का म्हनून?"

"आपल्याकडूनच पैसे मागताहेत ते!"

"तितं तंटे मिटीवत्यात न्हवं? मंग ह्यो बी तंटाच हाय की." खुर्शीदानं पत्राची घडी करून ब्लाउजमध्ये खोचली. "येत्या शनवारी मी येते संगं."

शनिवारी दुकानाला खरोखरच कुलूप लागलं. शेअर रिक्षात दोघं शेजारी बसले. रज्जाकभाई नेहमीचं जाकीट घालून, खुर्शीदा ईदची साडी नेसून. वाटेत ती काही बोलली नाही. रज्जाकभाईही बोलले नाहीत, आणि रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं, कारण तो त्यांना ओळखत होता.

कोमलबाईंनी तिचा अर्ज साध्या शब्दांत लिहून घेतला. पुकारा झाला तेव्हा बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "रज्जाकभाई, या प्रकरणापुरतं तुम्हाला खाली उतरावं लागेल."

रज्जाकभाई टेबलाला वळसा घालून पुढं आले आणि बायकोशेजारी उभे राहिले. इकडून ते टेबल बरंच उंच दिसत होतं.

"खुर्शीदाबाई, तुमची तक्रार काय आहे?" बाईसाहेबांनी विचारलं.

"बाईसाहेब, मी दोन शनवार दुकानात बसले. कमाई झाली ती माझ्या हातानं झाली. यांची कमाई बुडली न्हाई म्हनून भत्ता देऊ नका, माझं म्हननं न्हाई. पर माझ्या कष्टावर यांना दंड कसा काय?"

गौरव उभा राहिला. त्यानं घसा साफ करून सांगितलं, की वरच्या कार्यालयातल्या संगणकात उणे आलं तर शून्य धरावं, ही सोयच ठेवलेली नाही. बनवणाऱ्याला वाटलं नव्हतं, की अदालतीत बसल्यामुळं कुणाची कमाई वाढेल. खोलीत मागं बसलेल्या पक्षकारांत खसखस पिकली.

"हे दुरुस्त होईल," बाईसाहेब म्हणाल्या. "वसुली थांबवायला मी आजच लिहिते. कापलेलं मानधन परत मिळेल. झालं समाधान?"

"अर्धं झालं."

"अर्धं?"

"तुमचा तो भत्ता कशासाठी हाय? हितं बसल्यानं ज्याची कमाई बुडती, त्याला. व्हय ना? मंग माझी बुडली की! मी कंपनीतल्या पोरांचे डबे करते. दोन्ही शनवारी डबे बंद ठिवले. पोरांनी टेशनवर वडापाव खाल्ले आन महिन्याच्या पैशातनं तेवढं कापून घेतलं. आज तिसरा. ते कुनी धरलं? हितं न्हाई, वर न्हाई, आन…" तिनं पदर सावरला. "घरी बी न्हाई."

बाईसाहेबांनी रज्जाकभाईंकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

रज्जाकभाईंनी तोंड उघडलं. त्यांना आठवलं, दोन्ही शनिवारी सकाळी ते जाकिटाचं बटण लावत निघाले होते तेव्हा ओट्यावर पिठाची परात नव्हती. स्टीलचे डबे पालथे घातलेले होते. त्यांना ते दिसलं होतं. पण ते तेव्हा मनातल्या मनात आजच्या तंट्यांची भाषणं करत होते. ती सगळं आवरून मग दुकानात जाते, असं ते धरूनच चालले होते. पायरीवरच्या प्रत्येकाच्या जावयाची नोकरी त्यांना ठाऊक होती.

"नाही," ते म्हणाले. आणि पुढं काही बोललेच नाहीत.

कोमलबाईंनी चकित होऊन मान वर केली. गौरवही बघू लागला. रज्जाक तांबोळी एका शब्दावर थांबले होते.

बाईसाहेबांनी नियमांचा कागद पुढं ओढला, उलटून पालटून वाचला. "खुर्शीदाबाई, यात फक्त सदस्याची कमाई धरलीय. त्याच्या जागी जो राबतो त्याच्याबद्दल काही नाही. मी वर सुचवीन, पण खोटी आशा दाखवत नाही. उत्तर यायला वेळ लागेल."

(सूचना गेली. उत्तर अजून आलेलं नाही.)

"बाईसाहेब," रज्जाकभाई म्हणाले, "माझं मानधन यापुढं तिलाच…"

"मानधन नको मला," खुर्शीदा मध्येच म्हणाली. "तेवढ्यात पोरांचं तोंड बंद हुईल, पर पोट न्हाई भरनार. शनवारचे डबे तुमी करा. म्हंजे दुकान बी राहील आन डबे बी."

"मी?"

"तुमीच. सकाळी लवकर उठून. मला भरलेलं डबे पायजेत."

"मला स्वयंपाक कुठं येतो?"

"इतक्या शेगड्या दुरुस्त केल्या, त्यावर फुडं काय शिजतं ते कधी बघितलं न्हाई व्हय?"

आता मात्र बाईसाहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि विचारलं, "लिहून घेऊ का तडजोड?" रज्जाकभाईंनी खोलीत सगळीकडे बघितलं. मागच्या बाकावर बसलेली एक म्हातारी, जी शेताच्या बांधासाठी आली होती, ती मान हलवून हो म्हणत होती. रज्जाकभाईंनी सही केली. खुर्शीदानं त्यांच्या सहीखाली आपली केली, मोठ्या अक्षरांत, शेवटी टिंब देऊन.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "डबे किती असतात?"

"आता विचारताय! अकरा."

"आणि पोरं कुठली?"

तिनं सांगायला सुरुवात केली. नांदेडचा एक, दोघं बार्शीचे. आकाश म्हणून एक आहे, त्याला आंबट चालत नाही. निलेशची रात्रपाळी असते, त्याचा डबा कंपनीच्या फाटकावर ठेवायचा. एकाच्या आईचं ऑपरेशन झालंय, तो कुणाशी बोलत नाही. त्याला खुर्शीदा एक भाकरी जास्त घालते. रिक्षा तळेगावात शिरेपर्यंत ती बोलत होती आणि रज्जाकभाई ऐकत होते. मध्येच एकदा त्यांना नांदेडच्या एका शेगडीची गोष्ट आठवली. ती त्यांनी गिळली.

पुढच्या अदालतीच्या सकाळी फजरची नमाज झाल्या झाल्या रज्जाकभाई ओट्यापाशी उभे राहिले. आधीच्या आठवड्यात खुर्शीदानं त्यांना दोनदा डाळ आणि वांग्याची भाजी शिकवली होती. भाकरी काही जमली नव्हती. चपात्यांवर तडजोड झाली होती. पहिली चपाती मावळच्या नकाशासारखी झाली, दुसरी त्याच्या शेजारच्या तालुक्यासारखी. कांदा चिरताना ते इतके रडले, की जाकिटाची बाही ओली झाली. जाकीट आधीच घालून बसायची अक्कल त्यांचीच. फोडणीत मोहरी तडतडली तशी ते मागं उडाले आणि हातातला झारा खाली पडला. खुर्शीदा उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसली होती. तीस वर्षांत या वेळेला ती पहिल्यांदाच बसून चहा पीत होती. ती उठली नाही.

"गॅस बारीक करा," एवढंच म्हणाली.

"मला सांगतेस? शेगडीवाला आहे मी."

"मंग करा की बारीक!"

त्यांनी केला. भाजी करपता करपता राहिली. डबे भरून झाले तेव्हा ओटा रणांगणासारखा दिसत होता आणि रज्जाकभाईंच्या दाढीला पीठ लागलं होतं. अकरा डबे एका रांगेत मांडून ते मागं सरले आणि बघत राहिले. स्वतःच्या हातानं एवढं काही मांडलेलं त्यांनी दुकानातही कधी पाहिलं नव्हतं.

खुर्शीदा उठली. एका डब्याचं झाकण काढून तिनं भाजीत बोट बुडवलं, चाखलं.

"मीठ?" त्यांनी घाबरत विचारलं.

तिनं पुन्हा एकदा चाखलं. मग त्या कुणाशी न बोलणाऱ्या पोराच्या डब्यात एक चपाती जास्त घातलीय का ते बघितलं. घातली होती, नकाशातली त्यातल्या त्यात गोल बघून घातली होती. तिनं झाकण लावलं आणि पदरानं त्यांच्या दाढीचं पीठ पुसलं.

"चाला आता," ती म्हणाली, "मी बी निघते. आज त्या काकूंचा मिक्सर द्यायचाय."

दोघं एकदमच बाहेर पडले. ती दुकानाची किल्ली घेऊन बाजाराकडे वळली. रज्जाकभाई दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन पोरांच्या खोलीकडे गेले. दार वाजवल्यावर आकाशनं डोळे चोळत उघडलं. पिशव्या बघून म्हणाला, "काका, तुम्ही? मावशी बरी आहे ना?"

"मस्त आहे," रज्जाकभाई म्हणाले आणि पिशव्या आत ठेवून उंबऱ्यावरच बसले. "बस जरा. तुला आंबट चालत नाही म्हणे. का बरं?"